अजिंक्य नावाची नौका

जगाच्या सागरी इतिहासात काही जहाजे आपल्या पराक्रमामुळे स्मरणात राहिली, तर काही आपल्या अंतामुळे. ब्रिटिश आरमाराची 'इन्व्हिन्सिबल' ही युद्धनौका दोन्ही कारणांनी स्मरणात राहिली आहे. इन्व्हिन्सिबल म्हणजे अजिंक्य. मार्च १९०९ मध्ये ती आरमारात दाखल झाली आणि ३१ मे १९१६ च्या सायंकाळी उत्तर समुद्रात एका स्फोटासरशी तिचे दोन तुकडे झाले. तिच्यावर १,०३२ माणसे होती. त्यांपैकी सहा वाचली.

परक्या देशाच्या आणि शंभर वर्षांहून जुन्या या नौकेची कथा आम्ही येथे का सांगावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या किनारपट्टीवरील कितीतरी घरांतील मुले जहाजांवर नोकरीस जातात. जहाजाच्या पोटात काम करणाऱ्याचा जीव किती जणांच्या हाती असतो, हे त्या घरांना वेगळे सांगावयास नको. इन्व्हिन्सिबलवरील माणसे कशामुळे गेली, या प्रश्नाला 'जहाजाचे चिलखत पातळ होते' असे उत्तर पुष्कळ वर्षे दिले गेले. ते उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. पोलाद बोलत नाही, म्हणून त्याच्या माथी दोष मारणे सोपे असते. माणसांनी घेतलेले निर्णय आणि अंगी बाणवून घेतलेल्या सवयी यांचा झाडा घेणे अधिक अवघड. तो झाडा घ्यावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

वेगाचे स्वप्न

ऑक्टोबर १९०४ मध्ये ॲडमिरल सर जॉन फिशर ब्रिटिश आरमाराचे सर्वोच्च अधिकारी झाले. १८४१ साली सिलोनमध्ये जन्मलेला हा गृहस्थ विलक्षण बुद्धीचा, तितकाच हट्टी आणि उतावळा होता. ब्रिटनचा व्यापार जगभरच्या समुद्रांवर पसरलेला होता. त्या काळी फ्रान्स व इतर राष्ट्रे वेगवान चिलखती क्रूझर बांधीत होती. युद्ध पेटले तर अशा क्रूझर व्यापारी जहाजांची दाणादाण उडवतील, ही भीती खरी होती. फिशर यांचा उपाय असा की, शत्रूच्या कोणत्याही क्रूझरला पळून गाठील आणि दुरूनच बुडवील अशी नौका बांधावी. जी नौका तिच्याहून बलवान असेल, तिच्यापासून तिने आपल्या वेगाच्या बळावर दूर राहावे. वेग हेच चिलखत, हे त्यांच्या विचाराचे सार होते.

फिशर यांनी नेमलेल्या समितीने १९०५ च्या आरंभी दोन आराखडे मुक्रर केले. एक जगप्रसिद्ध 'ड्रेडनॉट' युद्धनौकेचा आणि दुसरा इन्व्हिन्सिबल वर्गाचा. आरमाराचे मुख्य नौकारचनाकार फिलिप वॉट्स यांच्या देखरेखीखाली दोन्हींची रेखाटने झाली. दोघींना एकाच जातीच्या, बारा इंची तोंडाच्या तोफा होत्या. ड्रेडनॉटला दहा, इन्व्हिन्सिबलला आठ. ड्रेडनॉटच्या कुशीवरील पोलादी पट्टा ११ इंच जाडीचा होता, तर इन्व्हिन्सिबलचा अवघा ६ इंच. ड्रेडनॉटचा वेग ताशी २१ सागरी मैल होता, तर इन्व्हिन्सिबलचा २५. चार मैलांचा हा अधिक वेग फुकट मिळालेला नव्हता. त्यासाठी ४१,००० अश्वशक्तीची पार्सन्स टर्बाईन, त्यांना वाफ पुरविणारे ३१ बॉयलर आणि ती सर्व यंत्रसामग्री मावेल असा ५६७ फुटांचा लांबलचक देह लागला. एकूण वजन मर्यादेत ठेवायचे तर कशाला तरी कात्री लावणे भाग होते. ती चिलखताला लागली.

२ एप्रिल १९०६ रोजी न्यूकॅसलजवळच्या एल्सविक येथे आर्मस्ट्राँग कंपनीच्या गोदीत नौकेची बांधणी सुरू झाली आणि १३ एप्रिल १९०७ रोजी ती पाण्यात उतरली. 'इन्फ्लेक्सिबल' आणि 'इन्डॉमिटेबल' या तिच्या दोन बहिणी स्कॉटलंडमध्ये क्लाईड नदीकाठी बांधल्या गेल्या. आरंभी या नौकांना चिलखती क्रूझर असेच म्हणत; बॅटलक्रूझर हे नाव काही वर्षांनी रूढ झाले.

त्या काळी आठ मोठ्या तोफांच्या जोडीला एवढा वेग असलेली नौका दुसऱ्या कोणापाशी नव्हती. तथापि एक धोका जाणत्यांना तेव्हाच दिसला होता. ब्रॅसी यांच्या आरमारी वार्षिकाने इशारा दिला होता की, ज्या सेनापतीच्या हाती अशा नौका येतील तो त्यांना युद्धनौकांच्या रांगेत उभे केल्यावाचून राहणार नाही, आणि तेथे त्यांचे पातळ चिलखत त्यांना नडेल. कारण उघड होते. तोफा युद्धनौकेच्या होत्या; दुरून पाहणाऱ्यास जहाजही युद्धनौकेसारखेच भासे.

विजेवर फिरणारे बुरूज

इन्व्हिन्सिबलच्या आठ तोफा चार फिरत्या बुरुजांत दोन-दोन अशा बसविलेल्या होत्या. एक बुरूज नाळेकडे, एक वरामाकडे आणि दोन मध्यभागी, डाव्या व उजव्या कुशीला, एकमेकांच्या किंचित मागेपुढे. मधल्या दोन बुरुजांची दारूकोठारे नौकेच्या ऐन मध्यावर, तळाशी होती. ही जागा वाचकांनी ध्यानात ठेवावी.

इतर नौकांचे बुरूज पाण्याच्या दाबावर चालत. इन्व्हिन्सिबलवर ते विजेवर चालविण्याचा प्रयोग झाला. चाचण्यांत तोफा उडताच तारा निसटत, यंत्रे बंद पडत. दुरुस्त्यांवर दुरुस्त्या झाल्या, काही वर्षे गेली, तरी गुण येईना. अखेर १९१४ मध्ये विजेची यंत्रे काढून तेथे पाण्याच्या दाबाची यंत्रे बसविण्याचे काम हाती घेण्यात आले. ते काम आटोपते न आटोपते तोच, ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध सुरू झाले. २८ ऑगस्ट रोजी हेलिगोलँडच्या उपसागरात इन्व्हिन्सिबलने एका जर्मन क्रूझरवर १८ गोळे डागले. त्यांपैकी एकही लागला नाही.

फॉकलंडची लढाई

युद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनीचे एक आरमारी पथक पॅसिफिक महासागरात होते. त्याच पथकातून वेगळी निघालेली 'एम्डन' ही क्रूझर हिंदी महासागरात शिरली आणि २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर तोफा डागल्या. फिशर यांना ज्या संकटाची भीती वाटत होती, ते असे थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत आले होते.

मुख्य पथकाचे सेनापती होते व्हाइस ॲडमिरल काउंट माक्सिमिलियन फॉन श्पे. त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते. र्‍हाइनलँडमधील एका जुन्या कॅथोलिक घराण्यात ते वाढले. सतराव्या शतकात चेटकीण ठरवून निरपराध स्त्रियांना जाळण्यात येत असता, १६३१ मध्ये त्याविरुद्ध निर्भीडपणे ग्रंथ लिहिणारे आणि पुढे आजारी सैनिकांची शुश्रूषा करीत असता साथीला बळी पडलेले येशूसंघीय धर्मगुरू फ्रीडरिख श्पे याच घराण्यातले. १ नोव्हेंबर १९१४ रोजी चिली देशाच्या कोरोनेल बंदराजवळ काउंट श्पे यांनी दोन ब्रिटिश क्रूझर बुडविल्या. ब्रिटिशांची सुमारे १,६०० माणसे गेली. त्यानंतर वालपराइसो येथे तेथील जर्मन रहिवाशांनी मेजवानी दिली. ब्रिटिश आरमाराच्या सत्यानाशासाठी प्याला उंचावण्यास श्पे यांनी साफ नकार दिला, असे सांगतात. कोणी पुष्पगुच्छ पुढे केला तेव्हा, ही फुले माझ्या थडग्यावर शोभतील, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले, अशीही आठवण आहे. आपल्याजवळचा दारूगोळा संपत चालला आहे आणि घर फार दूर आहे, हे ते जाणून होते.

कोरोनेलच्या पराभवाने ब्रिटन हादरले. निवृत्त झालेले फिशर नुकतेच पुन्हा अधिकारपदी आले होते. त्यांनी इन्व्हिन्सिबल आणि इन्फ्लेक्सिबल या दोन नौका दक्षिणेकडे धाडण्याचे ठरविले. गोदीने १३ नोव्हेंबरपर्यंतची मुदत मागितली, तेव्हा काम अपुरे असेल तर कारागिरांसह निघा, पण ११ लाच निघा, असा हुकूम सुटला. ॲडमिरल स्टर्डी यांचे निशाण लावून इन्व्हिन्सिबल निघाली आणि ७ डिसेंबर रोजी दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांच्या स्टॅन्ली बंदरात पोहोचली. दुसऱ्याच दिवशी सकाळी, ब्रिटिश जहाजे कोळसा भरीत असताना, श्पे यांचे पथक त्या बेटांपाशी येऊन ठेपले. बंदरात काय उभे आहे हे कळताच ते वळले. पण आता पाठलाग चुकणार नव्हता.

८ डिसेंबर १९१४ चा तो दिवस फिशर यांच्या कल्पनेची तंतोतंत परीक्षा होता, आणि त्या परीक्षेत इन्व्हिन्सिबल उत्तीर्ण झाली. तिने शत्रूला वेगाने गाठले, अंतर आपल्याला हवे तेवढे ठेवले आणि मोठ्या तोफांनी काम पुरे केले. दुपारी ४ वाजून १७ मिनिटांनी श्पे यांची 'शार्नहोर्स्ट' बुडाली. तिच्यावरील सुमारे ८६० माणसांपैकी एकही वाचला नाही. सहा वाजण्याच्या सुमारास 'ग्नायझेनाउ' गेली. त्या बर्फगार पाण्यातून सुमारे १९० जणांना बाहेर काढण्यात आले. आणखी दोन छोट्या क्रूझर त्याच दिवशी बुडाल्या. ॲडमिरल श्पे आणि त्यांचे ओटो व हाइनरिख हे दोन तरुण पुत्र तिघेही तीन वेगवेगळ्या जहाजांवर एकाच दिवशी मृत्यू पावले. साऱ्या ब्रिटिश पथकात मिळून दहा माणसे दगावली. इन्व्हिन्सिबलवर २२ गोळे आदळले, पण तिच्यावरचा एकही माणूस मेला नाही.

एवढ्या निर्भेळ यशातून माणूस क्वचितच योग्य तो धडा घेतो. दोन्ही बॅटलक्रूझरनी मिळून बारा इंची गोळे सुमारे १,१७४ उडविले होते, आणि त्यांपैकी फारच थोडे लक्ष्यावर लागले होते. यावरून नेमबाजी सुधारण्याची गरज दिसावयास हवी होती. पुष्कळांनी मात्र असा निष्कर्ष काढला की, दारूगोळा अधिक बरोबर न्यावा आणि अधिक झपाट्याने उडवावा. शिवाय २२ गोळे लागूनही काही बिघडले नाही, म्हणून त्या सहा इंची पट्ट्यावरचा विश्वासही वाढला. ते गोळे लहान तोफांचे होते, हे विसरले गेले.

जटलंडची सायंकाळ

३१ मे १९१६ रोजी डेन्मार्कच्या जटलंड द्वीपकल्पापासून काही अंतरावर ब्रिटिश आणि जर्मन आरमारांची गाठ पडली. ब्रिटिश बॅटलक्रूझरचे मुख्य पथक ॲडमिरल बीटी यांच्या हाताखाली होते. इन्व्हिन्सिबल आणि तिच्या दोन बहिणी त्या सुमारास नेमबाजीच्या सरावासाठी उत्तरेकडे स्कापा फ्लो येथे गेल्या होत्या. म्हणून त्या दिवशी त्या सरसेनापती जेलिको यांच्या मुख्य आरमाराबरोबर होत्या. त्यांचे नेतृत्व रिअर ॲडमिरल होरेस हूड यांच्याकडे होते.

दुपारी चारनंतरच्या अर्ध्या तासात बीटी यांच्या दोन नौका स्फोट होऊन नाहीशा झाल्या. प्रथम 'इन्डिफॅटिगेबल' गेली. तिच्याबरोबर १,०१७ माणसे गेली. मग 'क्वीन मेरी' १,२६६ माणसांसह. आपल्या जहाजांचे आज काहीतरी बिघडलेले दिसते, असे उद्गार बीटी यांच्या तोंडून निघाले, ते इतिहासात नमूद आहेत.

हूड बीटींच्या मदतीस धावले. सायंकाळी सहानंतर धुके आणि धूर यांच्या आडून त्यांना जर्मन बॅटलक्रूझर दिसल्या. स्कापा येथील सराव फुकट गेला नव्हता. अवघ्या काही मिनिटांत इन्व्हिन्सिबलने 'लुट्झो' या जर्मन ध्वजनौकेवर आठ गोळे अचूक मारले. त्यांतील पाण्याखाली बसलेल्या माऱ्याने लुट्झो इतकी जायबंदी झाली की, त्याच रात्री जर्मनांना ती स्वतःच्या हातांनी बुडवावी लागली. हूड यांनी वर निरीक्षणमंचावर असलेले तोफखाना अधिकारी डॅनरॉयथर यांना नळीतून शाबासकी दिली आणि असाच वेगाने मारा चालू ठेवण्यास सांगितले.

इतक्यात धुक्याचा पडदा फाटला. जर्मन गोलंदाजांना इन्व्हिन्सिबल स्वच्छ दिसली. अंतर होते जेमतेम ९,००० यार्ड. समोर क्रूझर नव्हत्या. जाड चिलखताच्या, मोठ्या तोफांच्या नौका होत्या. ब्रॅसींच्या वार्षिकाने वर्तविलेली वेळ आली होती. ६ वाजून ३० मिनिटांनंतर एक गोळा मध्यभागीच्या उजव्या बुरुजावर बसला आणि त्याचे छप्पर उडाले. ज्वाळा खाली मध्यावरच्या दारूकोठारांपर्यंत पोहोचली आणि नौका कंबरेत मोडली.

समुद्र तेथे सुमारे १८० फूट खोल होता आणि नौका ५६७ फूट लांब. त्यामुळे दोन्ही तुकड्यांची मोडकी टोके तळाला टेकली, आणि नाळ व वराम दोन सुळक्यांसारखे पाण्याबाहेर उभे राहिले. जवळून जाणाऱ्या काही ब्रिटिश जहाजांवरील खलाशांनी, हे शत्रूचे जहाज असावे असे समजून जयघोष केला. मग त्यांना वरामावरचे नाव वाचता आले. जेलिको यांनी 'बॅजर' या विनाशिकेला विचारणा केली की, हे भग्न जहाज आपले आहे काय? 'होय, इन्व्हिन्सिबल,' असे उत्तर आले. बॅजरने सहा जणांना पाण्यातून काढले. त्यांत डॅनरॉयथर होते, आणि ज्या बुरुजावर गोळा बसला त्याच बुरुजातील एक मरीन सैनिकही होता. हूड वाचले नाहीत.

कोठाराची दारे

त्या दिवशी ब्रिटिशांची ६,०९४ माणसे गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे या तीन बॅटलक्रूझरवरची होती. लढाईनंतर चौकशी सुरू झाली. जहाजांची रचना सदोष आहे, चिलखत अपुरे आहे, असे आरमारातील सेनाधिकाऱ्यांचे म्हणणे पडले. नौकारचनाकार डिन्कोर्ट यांचे म्हणणे मात्र निराळे होते. दोष दारू हाताळण्याच्या पद्धतीत आहे, असे ते सांगत होते.

ही पद्धत काय होती, ते थोडक्यात सांगतो. तोफ उडविण्यास लागणारी कॉर्डाइट नावाची दारू रेशमी पिशव्यांत भरलेली असे. ती तळाच्या कोठारातून पाळण्याने वर बुरुजात जाई. नियम असा की, कोठाराची दारे बंद ठेवावीत, लागेल तेवढीच दारू बाहेर काढावी आणि तिची पेटी शेवटच्या क्षणापर्यंत उघडू नये. पण नियम पाळला की तोफ सावकाश उडते. वेगाने मारा करण्याची चढाओढ लागली तेव्हा अनेक जहाजांवर दारे उघडी राहू लागली, पिशव्या आधीच काढून रचून ठेवल्या जाऊ लागल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. उलट, हे सारे कर्तव्यतत्परता म्हणूनच चालले होते. वरून 'लवकर, आणखी लवकर' अशी मागणी होती आणि खालची माणसे ती पुरी करीत होती.

जर्मनांना हा धडा आधीच मिळाला होता. २४ जानेवारी १९१५ च्या डॉगर बँकच्या लढाईत त्यांच्या 'झाइडलिट्झ' नौकेचे दोन बुरूज असेच आतून पेटले आणि दीडशेहून अधिक माणसे होरपळून मेली. त्यानंतर त्यांनी बुरुजांत दारू साठविण्यावर बंधने आणली. त्यांची दारूही काही अंशी पितळी नळकांड्यांत बंद असे.

पण या प्रश्नाचा सर्वांत बोलका पुरावा ब्रिटिशांच्याच एका नौकेवर आहे. बीटी यांची ध्वजनौका 'लायन' हिच्याही मधल्या बुरुजावर त्या दुपारी अगदी तसाच गोळा बसला. बुरुजाचे प्रमुख मेजर फ्रान्सिस हार्वी यांचे दोन्ही पाय निकामी झाले होते. मरता मरता त्यांनी कोठारात पाणी सोडण्याचा हुकूम दिला, आणि त्यासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हार्वींचे नाव सर्वत्र आहे, आणि ते असावेच. त्यांच्या शेजारी आणखी एक नाव लिहिले जावे असे आम्हांस वाटते. लायनवर अलेक्झांडर ग्रँट नावाचे तोफखान्याचे वॉरंट ऑफिसर होते. १९१५ मध्ये ते त्या नौकेवर आले, तेव्हा कोठारांतील ढिलाई पाहून ते चकित झाले. मोठा हुद्दा नाही, मानाचे पद नाही. पण कोठारे त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी जुने नियम पुन्हा लागू केले. दारू लागेल तशी आणि लागेल तेवढीच बाहेर निघू लागली. एरवी दारे बंद राहू लागली. तोफांच्या वेगात त्यामुळे काही उणे पडले नाही. गोळा बसल्यानंतर काही वेळाने बुरुजातील दारू पेटली आणि ज्वाळा खाली कोठाराच्या दारापर्यंत गेली. वाटेतील माणसे मेली. पण दार बंद होते. लायन वाचली, आणि तिच्यावरची हजाराहून अधिक माणसे घरी परतली.

लायनचे चिलखत इन्व्हिन्सिबलहून जाड होते, हे खरे. पण 'क्वीन मेरी'चे चिलखत लायनएवढेच होते, आणि ती गेली. म्हणून पोलादाच्या जाडीने सारा प्रश्न सुटत नाही, असे आम्ही म्हणतो.

पुढे काय झाले?

जटलंडनंतर ब्रिटिश नौकांवर जादा चिलखत चढविले गेले, कोठारांच्या वाटेवर ज्वाळा अडविणाऱ्या झडपा बसविल्या गेल्या आणि दारूविषयीचे नियम कडक झाले. २२ ऑगस्ट १९१८ रोजी हूड घराण्यातील एका जुन्या ॲडमिरलचे नाव दिलेली 'हूड' ही प्रचंड बॅटलक्रूझर पाण्यात उतरली. ती उतरविण्याचा मान होरेस हूड यांच्या विधवेला देण्यात आला. २४ मे १९४१ रोजी 'बिस्मार्क'शी लढताना तीही दारूकोठाराच्या स्फोटाने फुटली. १,४१५ माणसे गेली, तीन वाचली. ॲडमिरल श्पे यांचे नाव जर्मनांनी एका नौकेला दिले होते. ती १७ डिसेंबर १९३९ रोजी मॉन्टेव्हिडिओजवळ तिच्याच कप्तानाने बुडविली.

इन्व्हिन्सिबलचे अवशेष १९१९ मध्ये समुद्रतळाशी सापडले. आज ती जागा युद्धात मृत्यू पावलेल्यांची समाधी म्हणून ब्रिटिश कायद्याने संरक्षित आहे.

इन्व्हिन्सिबलची कल्पना मूर्खपणाची नव्हती. ज्या कामासाठी ती बांधली, ते काम तिने फॉकलंड येथे चोख बजावले. पुढे तिच्या तोफा पाहून तिला दुसऱ्याच कामाला जुंपले गेले, आणि तिच्या मर्यादा ठाऊक असलेल्यांनी त्यांचा विसर पडू दिला. आपल्या संस्थांत, घरांतही हे घडते. एका कामात यशस्वी झालेल्या माणसावर आपण त्याच्या शक्तीपलीकडचा भार टाकतो, आणि तो कोसळला म्हणजे त्याच्यातच काही उणे होते असे म्हणतो. नियमांचेही तसेच. घाईच्या दिवसांत ते अडथळा वाटतात. ते कशासाठी केले होते, हे एखादा ग्रँट तेवढा आठवणीत ठेवतो. अशा माणसांची स्मारके उभी राहत नाहीत, कारण त्यांनी टाळलेली दुर्घटना कोणाला दिसत नाही. १,०२६ माणसांचे स्मरण करताना त्या बंद दाराचेही स्मरण व्हावे, एवढीच आमची विनंती.